फिश फाइंडरवरचा मासा आणि सर्वेक्षणातला मासा

पर्ससीन नौकेच्या, म्हणजे थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या नौकेच्या, केबिनमध्ये तांडेलासमोर, म्हणजे नौकेच्या प्रमुखासमोर, असतो तो फिश फाइंडर. संशोधन जहाजावर असतो तो सायंटिफिक इको साउंडर, समुद्रात एकूण मासा किती, म्हणजे साठा किती, याच्या सर्वेक्षणासाठी. दोन्ही पडदे शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. खाली तळाची जाड लाल रेघ, वर अधांतरी रंगीत डाग. डाग म्हणजे थवा. तत्त्वही एकच. जहाजाच्या बुडाला बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो, तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने खाली जातो, माशावर आपटून परततो आणि लागलेल्या वेळावरून खोली कळते. त्यामुळे 'आम्हाला तर थवे दिसतायत, मग साठा घटला कसा?' हा तांडेलाचा सवाल अडाणीपणाचा मुळीच नाही. तो खरं तेच सांगत असतो, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो.

त्याला हवं असतं ते एवढंच, की जाळं टाकू कुठे? त्यासाठी डाग दिसला की काम झालं. तो गेन, म्हणजे परतलेल्या आवाजाची पडद्यावरची तीव्रता, वाढवतो, रंग भडक होतात. कचरा फार दिसायला लागला की कमी करतो. तोच थवा मघाशी पिवळा होता, आता लाल दिसतो. मासेमारीला याने काही बिघडत नाही, पण टनांचा हिशोब करायचा तर सगळंच बिघडतं, कारण ३ डेसिबलची चूक म्हणजे थेट दुपटीचा फरक.

म्हणून सर्वेक्षणाआधी कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचं मोजमाप तपासून घेणं, होतं, आणि ते काम बघण्यासारखं असतं. जहाज शांत पाण्यात नांगरतात. दोन्ही बाजूंनी तीन बारीक दोऱ्या सोडून त्यांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची गोळी बुडाखाली टांगतात, व्यास बरोबर ३८.१ मिलिमीटर. या गोळीचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे गणिताने आधीच ठाऊक असतं. एक दोरी थोडी ओढ, दुसरी थोडी सोड, असं करत गोळी आवाजाच्या झोताच्या कानाकोपऱ्यातून फिरवतात आणि यंत्र किती चुकतंय ते नोंदवतात. वारा सुटला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

'मग तांडेलाच्याच यंत्राचं कॅलिब्रेशन करा की!' करतातही. सिमरॅड कंपनीचं ईके-६० हे शास्त्रज्ञांचं यंत्र आणि ईएस-६० हे मच्छीमारांचं, सख्खी भावंडंच. पण ईएस-६०च्या नोंदींत सुमारे १ डेसिबलची वर-खाली होणारी त्रिकोणी लाट मिसळलेली असते. पडद्यावर ती कुणाला दिसणारही नाही. हजारो ठोक्यांच्या सरासरीत ती बरीचशी विरून जाते, गोळीसमोरच्या थोड्या ठोक्यांत मात्र नडते. ती आधी काढून टाकावी लागते.

तरीही माझ्या मते खरा फरक यंत्रात नाही, वाटेत आहे. तांडेल मासा असेल तिथे जातो. संशोधन जहाज ठरलेल्या समांतर रेषांवरून, बहुधा किनाऱ्याला काटकोनात, मासा असो वा नसो, जातच राहतं आणि रिकामं पाणीही तितक्याच निष्ठेने नोंदवतं. दर सागरी मैलाची सरासरी काढायची तर त्यात शून्यं हवीतच. नुसत्या थव्यांवरून समुद्र मोजला तर तो कायम भरलेलाच वाटेल. पेरूने याची मोठी किंमत मोजली. तिथल्या अँचोव्हेटा या लहान माशाची पकड १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांवर गेली होती. १९७२ मध्ये एल निनो आला, म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी तापलं, उरलासुरला मासा किनाऱ्यालगतच्या थंड पाण्याच्या पट्ट्यात गोळा झाला आणि वर्षाच्या सुरुवातीला जाळी भरभरून आली. साठा कोसळत होता तेव्हाच नौकांना तो कधी नव्हे इतका दाट दिसत होता.

आज तिथली सागरी संशोधन संस्था, इमार्पे, हंगामाआधी हुम्बोल्ट आणि ओलाया ही जहाजं रेषांवरून फिरवते आणि सरकार त्यावरून कोटा ठरवतं. आपल्याकडेही असं काम झालंय: १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कोचीहून चाललेल्या प्रकल्पात तारली आणि बांगड्याचा ध्वनी-अंदाज घेतला गेला. जहाजांची नावं 'सार्डिनेला' आणि 'रास्ट्रेलिगर', म्हणजे याच दोन माशांची शास्त्रीय नावं. मात्र पेपरात 'तारली घटली' असं आपण वाचतो ते बहुतेकदा बंदरावर उतरलेल्या मासळीवरून, आणि ही तर तिसरीच गोष्ट झाली.

जात ओळखण्यात दोघंही जवळपास सारखेच आंधळे. प्रतिध्वनीवर नाव लिहिलेलं नसतं. तांडेल अनुभवाने ओळखतो, थव्याचा आकार, खोली, वेळ बघून, आणि पुष्कळदा बरोबर ओळखतो. जहाज मध्येच सर्वेक्षण थांबवून ट्रॉल, म्हणजे मागे ओढायचं जाळं, टाकतं आणि आलेला मासा पट्टीवर मोजतं. लांबी लागतेच, कारण एका माशाचा प्रतिध्वनी किती हे त्यावर ठरतं. त्यातलाही ९० टक्क्यांच्या वरचा हिस्सा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. उत्तर अटलांटिकच्या मॅकरेलला ती पिशवीच नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा मॅकरेल ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाला पुसट दिसतो आणि शेजारचा हेरिंग ठळक.

वाट महत्त्वाची, याचा पुरावाही पेरूतलाच. १९६६ पासून तिथे 'युरेका' नावाच्या मोहिमांत मासेमारी नौकांनाच रेषा आखून दिल्या आणि त्या ठरल्या वेळी किनाराभर एकदम निघाल्या. नौका त्याच, माणसं तीच. पण हाती आलं ते संपूर्ण किनाऱ्याचं चित्र, जे एकट्या जहाजाला इतक्या थोड्या दिवसांत जमलं नसतं.

एका ठिकाणी मात्र तांडेल सरस ठरतो. ट्रान्सड्यूसर बुडाला असतो आणि बघतो खाली, म्हणून पृष्ठभागापासूनचे पहिले काही मीटर संशोधन जहाजाला दिसतच नाहीत. तारली आणि अँचोव्हेटा अनेकदा नेमके तिथेच असतात, शिवाय जहाजाच्या आवाजाने बाजूलाही सरकतात. पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी बघून तांडेल हा थवा लांबूनच ओळखतो. जहाजाला त्यासाठी सोनार, म्हणजे खाली न बघता आडवं बघणारं ध्वनियंत्र, लावावा लागतो, आणि त्यावरून टन काढणं अजूनही कटकटीचं आहे.