हायपोग्लायसीमिया की हायपरग्लायसीमिया?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी करून नर्सिंगला किंवा पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला गेलेली मुलं या जोडीवर हमखास अडखळतात. हायपो म्हणजे रक्तातली साखर घटणं, हायपर म्हणजे वाढणं.

दोन्हींत सहा-सहा सिलॅबल: हाय-पो-ग्लाय-सी-मि-अ आणि हाय-पर-ग्लाय-सी-मि-अ. मुख्य जोर 'सी'वर, त्याहून हलका 'हाय'वर. फरक करणारा 'पो' किंवा 'पर' या दोन जोरांच्या मधे दबलेला, त्यामुळे भरभर बोललं की नेमका तोच गिळला जातो. ब्रिटिश उच्चारात तर 'पर'मधला र ऐकूही येत नाही. आपण र स्वच्छ म्हणतो. ही सवय अजिबात सोडू नये.

बरेचजण 'ग्लायकेमिया' म्हणतात, कारण ग्लायकोजेनमधला क डोक्यात पक्का असतो. हायपोग्लायसीमियाचे मूळ ग्रीक तुकडे तीन: हायपो म्हणजे 'खाली', ग्लायक म्हणजे 'गोड' आणि शेवटचा ईमिया 'रक्त' या अर्थाचा. अर्थाने फोड केली तर इंग्रजी 'सी' (c) हे अक्षर 'गोड'च्या तुकड्यात पडतं. उच्चारात मात्र ते पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि पुढे 'ई' आल्यामुळे त्याचा स होतो. अर्थाची फोड लक्षात ठेवायला उत्तम, पण मोठ्याने वाचायला ती चालत नाही. 'ग्लाय'चं 'गिलाय' केलं की सिलॅबल सात होतात आणि जोराची जागाच हलते.

सराव शेवटाकडून करावा: मि-अ, सी-मि-अ, ग्लाय-सी-मि-अ. एवढं जिभेवर बसलं की पुढे एकदा हाय-पो, एकदा हाय-पर जोडायचं.

वॉर्डात नातेवाइकांना कानडीत 'शुगर कम्मी आगैति' (साखर कमी झाली आहे) म्हटलं की घोटाळा होत नाही. फोनवर इंग्रजी शब्दच सांगायचा असेल, तर नेहमीचा जोर मोडून मुद्दाम 'पो'वर किंवा 'पर'वर द्यावा आणि लगेच आकडा सांगावा: 'हाय-पो, शुगर 54'. डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की हायपो. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज तोंडाने द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिथे 'पर' ऐकून कुणी इन्सुलिन दिलं तर घटलेली साखर आणखी उतरते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून ऐकणाऱ्यानेही शब्द आणि आकडा दोन्ही परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नये.