घर वडिलांच्या नावावर होतं, वडील गेले. आता ग्रामपंचायतीत वारस नोंद कशी करायची?

वडील जाऊन वर्ष होतं, दोन वर्षं होतात, घरपट्टीची पावती मात्र त्यांच्याच नावाने फाटत राहते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. घरात राहणारे आपणच, पट्टी भरणारे आपणच. मग घरकुलाच्या यादीत नाव लागतं, किंवा बँक उतारा मागते, आणि त्यावर मयताचं नाव पाहून सगळं काम थांबतं. आमच्या घरी वडील गेले तेव्हा उताऱ्यावर आजोबांचंच नाव होतं. आजोबा गेले त्या वर्षी पाच जणांच्या सह्यांत झालं असतं ते काम तोवर चौदा जणांपर्यंत गेलं होतं. त्यातल्या दोन आत्या हयात नव्हत्या आणि त्यांची मुलं तीन जिल्ह्यांत विखुरलेली. म्हणून आधीच सांगतो: तेरावं झालं की महिन्या-दोन महिन्यांत हा अर्ज द्या.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायत हद्दीतल्या घरांसाठी आहे.

नमुना ८ म्हणजे नेमकं काय

आपण ज्याला 'घराचा उतारा' म्हणतो तो नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर कुणाचं, कुणाच्या वहिवाटीत, किती चौरस फूट, दगड-मातीचं की विटा-सिमेंटचं, कोणत्या साली बांधलं, त्याचं भांडवली मूल्य किती आणि त्यावर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर किती, हे सगळं त्यात असतं. त्यावरून दर वर्षीची मागणी नमुना ९ मध्ये उतरते आणि पैसे भरले की नमुना १० ची पावती मिळते. ग्रामपंचायत ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करते.

उतारा हातात घेतला की दोन रकाने आधी बघा. एक मालकाच्या नावाचा, दुसरा भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा. पुष्कळ घरांत दोन्हीकडे एकच नाव असतं. पण गायरानावर किंवा सरकारी जागेवर घर असेल तर मालकाच्या रकान्यात 'शासन' किंवा 'ग्रामपंचायत' आणि भोगवटादार म्हणून आपला माणूस, असंही सापडतं. तिथे वारस नोंद झाली तरी ती भोगवट्याचीच होते, जागा आपल्या मालकीची होत नाही.

एक गोष्ट इथेच पक्की लक्षात ठेवा. नमुना ८ ही करासाठीची नोंद आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. उताऱ्यावर एकाच भावाचं नाव लागलं म्हणून घर त्याचं होत नाही, आणि बहिणीचं नाव नाही म्हणून तिचा हिस्सा जात नाही. मात्र पुढची भांडणं याच कागदावरून सुरू होतात.

नावं कुणाकुणाची लागतात

मयत हिंदू असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो. पुरुषाच्या मागे त्याची बायको, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्याची किंवा तिची मुलं आणि वारलेल्या मुलाची विधवा पत्नीही त्यात येते. घर बाईच्या नावावर असेल तर तिची मुलं-मुली आणि नवरा. इतर धर्मीयांना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागतो.

या यादीत आई सर्रास राहून जाते. तरुण मुलगा गेला की बायको आणि लेकरांची नावं लिहिली जातात. म्हातारी त्याच घरात ओसरीवर बसलेली असते, पण ती वारस आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ती वारस आहे आणि तिचा हिस्सा सुनेइतकाच आहे. तिचं नाव लिहा.

दुसरी गाळली जाते ती लग्न झालेली मुलगी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने आलं. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात तर मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. "ताईचं लग्न झालं, तिचं नाव कशाला" या वाक्याला कायद्यात कुठेही आधार नाही.

'संमतीपत्र' हा शब्द इथे नीट समजून घ्या. बहिणीकडून शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर "भावाचं नाव लावायला माझी हरकत नाही" असं लिहून घेतात आणि भावाला वाटतं हिस्सा सुटला. तसं होत नाही. हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. संमतीपत्र फक्त नोंदीपुरतं. बहिणींनाही सांगणं आहे, सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. वर 'संमतीपत्र' आणि आत 'हक्क सोडून देत आहे' असा मजकूर मी स्वतः पाहिला आहे. माझं मत विचाराल तर आधी सगळ्या वारसांची नावं लावा. कुणाला सोडायचं असेल, वाटणी करायची असेल, ते नंतर राजीखुशीने करता येतं.

वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता असं लिहून आईचं नाव येतं. त्याचा हिस्सा पुढे विकायचा झाला तर न्यायालयाची परवानगी लागते.

कागद कोणते जोडायचे

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा, मृत्यू दाखला. मृत्यू जिथे झाला तिथे तो मिळतो. माणूस गावचा असला तरी शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला तिथल्या नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. वर्ष उलटून गेलं असेल तर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश आणावा लागतो, आणि त्यासाठी आधी 'नोंद आढळत नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला ग्रामपंचायतीकडून घ्यावा लागतो. जुन्या मृत्यूंमध्ये याच पायरीवर महिने जातात.

त्याबरोबर वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांच्या आधार कार्डाच्या प्रती, सध्याचा नमुना ८ आणि चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती. थकबाकी असेल तर अर्ज बाजूला पडतो, तेव्हा ती आधी भरा. मृत्युपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र असं काही झालेलं असेल तर त्याचीही प्रत.

वारस दाखल्याचा गोंधळ बराच असतो. घरात वाद नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या जाणत्यांच्या जबाबावर बहुतेक ग्रामपंचायती नोंद घेतात. वाद असेल, किंवा कोण वारस हेच स्पष्ट नसेल, तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणा असं सांगतात. हा दाखला १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. बँकेतल्या ठेवींसाठी, शेअर्ससाठी जो उत्तराधिकार दाखला लागतो तो वेगळा, १९२५ च्या कायद्याचा. घराच्या नोंदीसाठी तो काढण्यात वेळ आणि पैसे घालवू नका.

नावातला फरकही बघून घ्या. उताऱ्यावर 'पांडू', मृत्यू दाखल्यावर 'पांडुरंग', आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच द्या.

अर्ज असा लिहा

छापील फॉर्म मिळाला तर ठीक, नाहीतर साध्या कागदावर चालतो. अर्ज सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे करायचा. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून हे नवं नाव दिलं; गावात अजूनही भाऊसाहेबच म्हणतात.

*विषय: मिळकत क्र. ____ च्या नमुना ८ ला वारसांची नावे लावणेबाबत.*

*महोदय, वरील मिळकत माझे वडील कै. ____ यांचे नावे आहे. ते दि. ____ रोजी मयत झाले. त्यांचे पश्चात खालीलप्रमाणे वारस असून याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत: (नाव, वय, मयताशी नाते, पत्ता). मयताचे नाव कमी करून वरील सर्व वारसांची नावे मालक व भोगवटादार सदरी लावावीत व दुरुस्त उतारा मिळावा, ही विनंती.*

खाली शक्य असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, आणि सोबतच्या कागदांची यादी. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. माझा पहिला अर्ज मी "ठेवून जा, बघतो" यावर विश्वास ठेवून टेबलावर ठेवून आलो होतो. चार महिन्यांनी भाऊसाहेबांची बदली झाली, नवे आले, आणि आवक नोंदवहीत माझ्या अर्जाचा मागमूस नव्हता. पुन्हा सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या. पोच मागताना संकोच वाटू देऊ नका.

सभा, ठराव, नोंद

अर्ज आला की कागद तपासले जातात आणि हरकतीची नोटीस फलकावर लागते. काही ठिकाणी वारसांना वैयक्तिक नोटीसही जाते. हरकत आली नाही की विषय मासिक सभेपुढे येतो. ग्रामपंचायतीची सभा दर महिन्याला घेणं सरपंचावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे "सभाच झाली नाही" हे कारण महिनोन् महिने चालू शकत नाही. अजेंडा निघण्याआधी अर्ज पोचला तर त्याच महिन्यात विषय येतो, दुसऱ्या दिवशी पोचला तर महिना गेला. सभेत सूचक-अनुमोदकासह ठराव होतो, इतिवृत्तात लिहिला जातो आणि त्या ठरावाचा क्रमांक व तारीख टाकून नमुना ८ वर बदल होतो. ठराव होऊनही नोंद ओढली गेली नाही असं घडतं, म्हणून ठराव क्रमांक विचारून लिहून ठेवा.

खरेदीने घर घेतलं असेल तर वारसांचा भाग येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि निर्देश सूची क्रमांक २ (इंडेक्स-२) जोडायची. नुसत्या नोटरीवर झालेला व्यवहार खरेदीखत ठरत नाही.

काम अडलं तर

नमुना ८ चा उतारा ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. तिचे दिवस, शुल्क आणि अपिलाचे अधिकारी कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले असणं बंधनकारक आहे. मुदतीत मिळाला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वारस नोंदीचा अर्जच पडून असेल तर पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, आणि सभेत काय ठरलं हे कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत इतिवृत्ताची प्रत मागा.

एखाद्या वारसाने हरकत घेतली तर मात्र ग्रामपंचायत निवाडा करू शकत नाही. वारसा आणि मालकी ठरवण्याचं काम दिवाणी न्यायालयाचं. सरपंचांवर दबाव आणून ठराव करून घेतला तरी तो तिथे टिकत नाही.

एवढ्याने सगळ्या नोंदी होत नाहीत

घर गावठाणात असेल आणि तिथे ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार झाली असेल, तर तिच्यावर वारस लावायला भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात वेगळा अर्ज द्यावा लागतो. ही मोजणी स्वामित्व योजनेतून, २०२० पासून गावोगाव झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून आपल्याकडे त्याची सुरुवात झाली. घर शेतात, गटात असेल तर सातबाऱ्यावरची वारस नोंद तलाठ्यांकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून. ती तीन महिन्यांत कळवायची असते. वीज मीटर आणि नळजोडणी यांचेही अर्ज वेगळे.

दुरुस्त उतारा हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. वारस जितके लिहिले तितके आलेत का, आईचं नाव आहे का, भोगवटादाराच्या रकान्यात जुनं नाव तसंच राहिलंय का, चौरस फूट बदललेत का. संगणकावर नोंद करताना एक ओळ राहून जाते आणि ती दुरुस्त करायला पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. भाऊसाहेब समोर असतानाच दाखवलं तर तेवढ्यातच काम होतं.