दुमडलेले कान आणि पहिले सात आठवडे

सियामीज मांजरीची पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात. काही दिवसांनी कानांच्या कडा करड्या दिसायला लागतात, मग नाक, पंजे आणि शेपूट गडद होतात. पाठ आणि पोट मात्र फिकंच राहतं. हा सगळा तापमानाचा खेळ आहे. केसांतलं गडद रंगद्रव्य तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. सियामीज मांजरात हे एन्झाइम घडवणाऱ्या जनुकात एक बारीकसा बदल झालेला असतो आणि त्यामुळे ते उबेत नीट काम करत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. कान, नाक, पंजे हे भाग त्याहून जरा थंड असतात आणि रंग तिथेच चढतो. आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब असते, म्हणून पिल्लू जन्मतं ते पांढरं. ऑपरेशनसाठी अशा मांजराच्या अंगावरचे केस भादरले, तर उघड्या पडलेल्या थंड कातडीवर नवे केस बऱ्याचदा गडद उगवतात. पुढे ते झडून पुन्हा आले की डाग आपोआप विरतो.

काळा, पांढरा आणि केशरी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर बहुतेक वेळा मादीच असतं, हे मांजरं पाळणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे तो केशरी तरी असतो किंवा नसतो तरी. मादीकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांतला एकच चालू राहतो आणि दुसरा गर्भावस्थेतच बंद पडतो. सस्तन मादीत असं घडतं, ही कल्पना मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी 1961 मध्ये उंदरांच्या अभ्यासावरून मांडली. कोणत्या पेशीत कोणता एक्स बंद होणार हे निव्वळ योगायोगावर ठरतं, आणि त्या पेशींच्या वंशजांचे ठिपके आपल्याला अंगावर दिसतात. हे जनुक नेमकं कोणतं, याचा छडा मात्र अगदी अलीकडे लागला. त्याचं नाव एआरएचजीएपी36. जपान आणि अमेरिकेतल्या दोन स्वतंत्र गटांचं त्यावरचं संशोधन 2025 मध्ये प्रसिद्ध झालं.

योगायोगाचा हा वाटा किती मोठा आहे, हे 22 डिसेंबर 2001 रोजी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलेल्या 'सीसी' या पहिल्या क्लोन मांजरीने दाखवून दिलं. जिची पेशी वापरली ती मांजर तिरंगी होती. तिचा जनुकसंच सीसीला मिळाला, तरी सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा मागमूसही नव्हता. ज्या पेशीपासून ती घडली, तिच्यात केशरी रंगाचा एक्स आधीच बंद झालेला होता.

हे सगळं लक्षात घेतलं की ब्रीड या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. माणूस आणि मांजर यांची सोबत हजारो वर्षांची आहे. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. कुत्र्यांची पैदास राखण, शिकार, मेंढ्या हाकणं अशा कामांसाठी झाली. मांजराला उंदीर मारायचं काम कुणी शिकवावं लागलं नाही, त्यामुळे निवडून पैदास करण्याची गरजच फारशी पडली नाही. मांजरांच्या मोठ्या प्रदर्शनांची सुरुवात साधारणपणे 1871 च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनापासून मानतात, आणि आजची बहुतेक ब्रीड्स त्यानंतर आकाराला आली. ती ठरली प्रामुख्याने दिसण्यावरून. लांब केस, कुरळे केस, आखूड शेपूट, अशा एकेका लक्षणामागे पुष्कळदा एकच जनुक असतं.

एकच जनुक बदललं की काय होऊ शकतं, याचं मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण म्हणजे स्कॉटिश फोल्ड. 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजर आढळली आणि तिच्यापासून हा वंश वाढवला गेला. पिल्लांचे कान जन्मतः सरळच असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते पुढे झुकतात, कारण कानातली कूर्चा, म्हणजे हाडासारखी पण लवचीक ऊती, नीट घडत नाही. पण कूर्चा फक्त कानात नसते. ती प्रत्येक सांध्यात असते. टीआरपीव्ही4 या जनुकातला जो बदल कान दुमडतो, तोच पायांची आणि शेपटीची हाडं विकृत करतो. अशा मांजराची शेपूट ताठर होते, पाय आखडतात, उडी मारणं कमी होतं. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर त्रास लहानपणीच आणि तीव्र होतो. एकच प्रत असली तरी मांजर सुटत नाही, त्रासाचं प्रमाण फक्त कमी-जास्त असतं. ब्रिटनमधल्या मांजरांच्या मुख्य नोंदणी संस्थेने 1970 च्या दशकातच या ब्रीडची नोंदणी थांबवली. तरीही गोल चेहऱ्याच्या गोंडस फोटोंमुळे मागणी टिकून आहे. दुमडलेल्या कानांचं पिल्लू विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आधीच असेल, तर सांधेदुखीसाठी पशुवैद्यांकडे नियमित न्यावं. मांजर दुखणं लपवतं, आणि 'शांत स्वभाव' म्हणून ज्याचं कौतुक होतं ती पुष्कळदा वेदना असते.

चपट्या नाकाच्या पर्शियनची गोष्टही फार वेगळी नाही. कवटी आखूड झाल्याने अश्रूंची नळी वाकते आणि डोळे सतत पाझरतात, दातांची गर्दी होते, श्वास घ्यायला जोर लागतो. याच ब्रीडमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यामागचा जनुकातला बदल 2004 मध्ये सापडला. त्याची चाचणी उपलब्ध आहे, तेव्हा पिल्लाच्या आईवडिलांचा अहवाल मागायला संकोचू नये.

मग स्वभावाचं काय? ब्रीडचा त्यात वाटा आहेच. हेलसिंकी विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात, तपासलेल्या ब्रीड्सपुरतं, वर्तनातल्या फरकाचं जवळपास निम्मं कारण आनुवंशिक आढळलं. पण दुसरा मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांचा. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाला ज्याने हळुवार हाताळलं, त्या जातीच्या प्राण्याशी त्याचं जन्मभराचं नातं ठरतं. या काळात माणसाचा हात लागलाच नाही, तर ते पिल्लू पुढे कितीही प्रेमाने वाढवलं तरी बुजरं राहण्याची शक्यता मोठी.

दुसरी गोष्ट आई आणि भावंडांची. दोन पिल्लं झोंबत असताना नीट पाहावं. एकाने जोरात चावा घेतला की दुसरं किंचाळून बाजूला होतं आणि खेळ थांबतो. असं वारंवार घडलं की चावणाऱ्याचा जबडा आवरता यायला लागतो. ही शिकवण आपण तितकी चांगली देऊ शकत नाही. हेलसिंकीच्याच 2017 च्या अभ्यासात साडेपाच हजारांहून जास्त मांजरांची माहिती तपासली गेली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त दिसला. पिल्लू किमान 12 आठवड्यांचं झाल्यावरच घरी आणावं.

आपण हाताची बोटं हलवून पिल्लाला खेळवतो तेव्हा ते बोटांना शिकार समजायला शिकतं. त्यापेक्षा काठीला बांधलेली दोरी किंवा पीस घ्यावं, आणि ते जमिनीलगत, थांबत-लपत न्यावं. शेवटी पिल्लाला ते खरोखर पकडू द्यावं, आणि मग खायला द्यावं. दबा, झडप, भक्ष्य, जेवण हा क्रम पूर्ण झाला की ते अंग चाटून झोपी जातं.

हे शिकाऱ्याचं शरीर पूर्णपणे मांसावर चालतं. गोड चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरात निकामी झालेलं आहे, त्यामुळे त्याला गोडी कळतच नाही. टॉरिन हा घटक त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही. तो अन्नातून मिळाला नाही तर दृष्टिपटल आणि हृदय दोन्ही कमजोर होतात. म्हणून मांजराला शाकाहारी करण्याच्या भानगडीत पडू नये, आणि कुत्र्याचं खाद्य रोज देऊ नये. त्याच्या यकृताला काही पदार्थ निष्प्रभ करता येत नाहीत, त्यामुळे पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषधही तसंच. कांदा-लसूण नको. लिलियम प्रजातीतली खरी लिली घरात आणूच नये: तिचं पान, फूल, परागकण, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं. लिली चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठावा. पहिल्या काही तासांत सलाइन सुरू झालं तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते.