कडक चहा, कडक ऊन: इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या साधनांची पार्श्वभूमी

नववीच्या वर्गाला उन्हाळ्यावर पाच वाक्यं लिहायला दिली होती. एप्रिल, सकाळची शाळा, तरी साडेदहालाच वरचे पत्रे तापलेले. एका मुलीने लिहिलं, ‘इन एप्रिल देअर इज हार्ड सन.’ हार्ड कुठून आणलास, विचारलं, तर तिने शाळेच्या टॅबवर ‘कडक’ हा शब्द टाकला होता आणि पहिला अर्थ तोच आला होता. मी फळ्यावर लिहिलं: कडक चहा, कडक ऊन, कडक सर, कडक भाकर. आपल्याला चौघांना एकच शब्द पुरतो. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, सर ‘स्ट्रिक्ट’ आणि वाळून गेलेली भाकर तेवढी ‘हार्ड’. मुलीने शब्द बरोबर शोधला होता. त्या शब्दाची सोबत तिला कोणी दाखवली नव्हती.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज इंग्रजी शिकवताना मोबाइल किंवा टॅब हाताशी असतो. शब्दार्थ सांगणारी ॲप, शब्द पाठ करून घेणारे खेळ, व्याकरण तपासणारी, भाषांतर करणारी साधनं, सगळं फुकट किंवा जवळपास फुकट. हे सगळं परवापरवा बाहेरून आलं अशी बहुतेकांची समजूत आहे. मात्र यामागचे काही मोठे विचार याच उपखंडातल्या वर्गांत आणि विद्यापीठांत घडले. खान्देशातल्या शिक्षकाने ते जाणून घ्यावं असं मला फार वाटतं, म्हणून हे टिपण.

आधी कोशांबद्दल. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ सालचा, मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत देणारा. म्हणजे इंग्रजी जाणणाऱ्याला मराठी कळावी अशी त्याची रचना. उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी कोश कँडीने १८४७ साली पुरा केला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि मॅट्रिकची वाट इंग्रजीतून जाऊ लागली. पुढे मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. एक मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा, उत्तर ताडून पाहा. आमच्या आधीच्या पिढ्यांची इंग्रजी या पद्धतीवर उभी राहिली आणि ती पक्की होती. तिची मर्यादा एवढीच की विद्यार्थी दुसऱ्याची वाक्यं फिरवत राहायचा, स्वतःचं वाक्य लिहायची वेळ फार उशिरा यायची.

भुसावळला मात्र इंग्रजी रुळांवरून आली. शंटिंग, गार्ड, सिग्नल, लोको हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसांच्या तोंडी बसले, कारण रोजच्या कामात ते कानावर पडत. शब्द कसा रुजतो याचा हा पुरावा आपल्या दारातच होता. आणि लिहिणं कसं रुजतं याचाही होता. १९२४ पासून सहा वर्षं साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. ते मराठीत असे, पण रोज काही लिहिलेलं कोणीतरी वाचणार आहे, ही जाणीव कोणत्याही भाषेतल्या लेखनाला लागते.

आता ढाक्याकडे जाऊ. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांचं इंग्रजी तपासताना त्यांना दिसलं की बहुसंख्य मुलं अभ्यासक्रम संपायच्या आतच शाळा सोडतात. मग दोन किंवा तीन वर्षं शिकून गेलेल्या मुलाच्या हाती काय राहतं? या गोष्टीला त्यांनी विम्यातला शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर जे हाती पडतं ते. १९२६ साली त्यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. त्यात नुसते शब्द नव्हते, एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात येतो याचे टक्केही होते. आज कुठलाही उतारा टाकला की पहिल्या हजारातले शब्द एका रंगात, दुसऱ्या हजारातले दुसऱ्या रंगात दाखवणारी ऑनलाइन साधनं आहेत. धडा वर्गाला झेपेल का, हे त्यावरून मिनिटात कळतं. त्या रंगांचं मूळ वेस्ट यांच्या यादीत आहे. नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल दिवाळीनंतर वर्गातून नाहीसं होतं तेव्हा मला सरेंडर व्हॅल्यू आठवते. जाताना त्याच्याजवळ कोणते शब्द असतील?

दुसरं नाव जे. आर. फर्थ. १९१९ ते १९२८ हे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, नंतर लंडनला गेले. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा त्यांचा १९५७ सालचा विचार भाषाशास्त्रात घर करून राहिला. आमची चार ‘कडक’ हाच धडा देतात.

संगत शोधायची तर प्रत्यक्ष वापरलेली भाषा ढिगाने हवी आणि ती चाळायला यंत्र हवं. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा पहिला संगणकीय संग्रह झाला. याच आराखड्यावर, भारतीय इंग्रजीसाठी, आपल्या कोल्हापुरात काम झालं. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीतून सुमारे दोन दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह उभा केला. १९८६ साली तो पूर्ण झाला आणि जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. तो काळ डोळ्यांपुढे आणा: संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीतली वस्तू आणि दहा लाख शब्द हातांनी टाइप करायचे. महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना या कामाचा अभिमान असायला हवा. आमच्या बीएडला त्याचं नावही निघालं नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने सुमारे ७३ लाख शब्दांचा संग्रह जमवून त्यावरून १९८७ साली विद्यार्थ्यांसाठी कोश काढला. अर्थ आणि उदाहरणं प्रत्यक्ष वापरातून घेतलेली. तिथलेच टिम जॉन्स ही सामग्री थेट विद्यार्थ्यांपुढे ठेवू लागले. शोधलेला शब्द पानाच्या मधोमध, एकाखाली एक वीस-पंचवीस ओळी, आणि दोन्ही बाजूंना त्याचे शेजारी. नियम शिक्षकाने सांगायचा नाही, मुलांनी ओळी वाचून काढायचा. आज हेच काम ब्राउझरमध्ये कोट्यवधी शब्दांवर होतं.

यासाठी प्रत्येकाच्या हाती मोबाइल लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. ‘स्कॉर्चिंग’च्या वीस ओळी घरी छापल्या, झेरॉक्स काढल्या, दोघांत एक कागद दिला. मुलांनी उजवीकडचा शब्द पेन्सिलीने गोल केला: सन, हीट, समर, हीट, सँड. दहा मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, हाऊ शब्द उन्हासंगेच ऱ्हास.’ हा शब्द उन्हाबरोबरच राहतो. नियम मुलांनी आपल्या भाषेत, अहिराणीत, मांडला होता.

पाठांतराच्या साधनांचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत. माणूस किती झपाट्याने विसरतो हे जर्मनीच्या एबिंगहाउसने १८८५ साली मोजून दाखवलं. १९७२ साली लाइटनर यांनी कार्डांची पेटी सुचवली: उत्तर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. १९८७ साली पोलंडमध्ये सुपरमेमोने ते काम संगणकाकडे दिलं, २००६ साली ‘अंकी’ हे तसंच साधन आलं. २००७ साली बरोबर शब्दार्थामागे तांदळाचे दहा दाणे दान करणारा फ्रीराइस हा खेळ आला. मुलांना तो अजून आवडतो. कार्डांनी शब्द ओळखता येतो. तो वाक्यात बसवता येईलच असं नाही, आणि परीक्षेतला निबंध तिथेच अडतो.

खान्देशात ही साधनं पोहोचायला वेळ लागला. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायची. २००० साली ती पहिलीपासून आली. शिक्षक मात्र तेच राहिले, स्वतः पाचवीपासून शिकलेले, आणि त्यांना आता सहा वर्षांच्या मुलांपुढे इंग्रजी बोलायचं होतं. या ओझ्याची दखल कोणी फारशी घेतली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांत निघाले आणि कीबोर्डावर हात बसला. मग सायबर कॅफे, ताशी भाड्याने. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेट घरात आलं. सातपुड्यात तरीही रेंज टेकडीवर चढून शोधावी लागे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांचे ठसे घेणारं यंत्र त्या भागात इतक्या लवकर पोहोचलं. मुलांच्या अभ्यासाला लागणारं नेटवर्क मागे राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. मुलं वहीच्या पानाचा फोटो पाठवत. बापाचा मोबाइल बापाबरोबर शेतात, म्हणून फोटो रात्री आठनंतर यायचे. ज्यांच्या घरी मोबाइलच नव्हता ती मुलं त्या दोन वर्षांत खरोखर मागे पडली, हे विसरून चालणार नाही. पण एक गोष्ट मला तेव्हाच गवसली. एकेक पान निवांत वाचून, चूक कुठे आणि का, हे मी अहिराणीत बोलून पाठवायचो. वर्गात लाजणारी मुलं तो आवाज दोनदा-तीनदा ऐकून वाक्य सुधारून परत पाठवत. एकच वाक्य दुसऱ्यांदा लिहिणं आमच्या शाळेत असं सुरू झालं.

लेखन तपासणाऱ्या यंत्रांची कुळकथा स्पेलिंगपासून सुरू होते. चुकीच्या शब्दाखालची तांबडी नागमोडी रेघ वर्डमध्ये १९९५ च्या आवृत्तीत आली. व्याकरण आणि शैली तपासणारी ऑनलाइन साधनं त्यानंतरची. गूगल ट्रान्सलेट २००६ साली निघालं, त्यात मराठी २०१३ च्या मे महिन्यात आली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, त्यानंतर तर मागाल तो निबंध आयता मिळू लागला. माझ्याकडे ‘माय व्हिलेज’ आला, त्यात झुळझुळ नदी आणि हिरवे डोंगर. लिहिणाऱ्याचं गाव रावेरकडचं, घराच्या तिन्ही बाजूंना केळी. केळीचं एक पान त्या निबंधात नव्हतं.

मी त्याला बसवून विचारलं, आता बागेत काय चाललंय? तो म्हणाला, ‘आमनी बाग निसवनी.’ म्हणजे खोडातून केळफूल बाहेर पडलं, आता घड धरणार. हे लिही. त्याने मराठी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं, तर ॲपने ‘निसवली’ हा शब्द न कळून तसाच इंग्रजी अक्षरांत उतरवून दिला. मग आम्ही ‘बनाना’चे शेजारी शोधले. शेतीवरच्या मजकुरात शब्द सापडला: शूटिंग. पोरं हसली, शूटिंग म्हणजे सिनेमाचं. पण केळीसाठी इंग्रजीत खरोखर तोच शब्द आहे. त्याने लिहिलं, ‘अवर बनाना प्लँट्स आर शूटिंग नाऊ.’ वर्षभरात त्याने लिहिलेलं हे सर्वांत चांगलं इंग्रजी वाक्य होतं आणि त्यात परक्याचं काही नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच धरली जाते) मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांहून अधिक होते. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ सालीच तिची स्वतंत्र नोंद केली होती. तरी आमच्या मुलाने इंग्रजी शब्द शोधायचा तर आधी अहिराणीतून मराठीत यायचं, मग पुढे जायचं. दोनदा जकात भरावी तसं हे आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. ‘तो जाई राहिना’ म्हणणाऱ्या मुलाला ‘ही इज गोइंग’ समजवायला मराठीचा वळसा कशाला? त्याच्या वाक्यातही काम चालू असल्याचं सांगणारा वेगळा शब्द उभाच आहे. वेस्ट यांनी बंगालीकडे पाहिलं तसं अहिराणीकडे पाहणारी शब्दयादी कोणीतरी करायला हवी.

तोवर आम्ही वहीत चार रकाने आखले आहेत: अहिराणी, मराठी, इंग्रजी, आणि स्वतःचं एक वाक्य. पहिल्या पानावर कडक चहा आहे, दुसऱ्यावर निसवणं. जूनमध्ये धडगावकडून एक मुलगा वर्गात आला. त्याने शेजारच्याची वही पाहिली, पट्टी मागून घेतली आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत आणखी एक रकाना आखून वर लिहिलं: पावरी.