मोजणी २०११ची, प्रभाग २०२६चे

मुंबईचा प्रभाग क्रमांक १ दहिसरला आणि २२७ कुलाब्याला. शहर वाढत गेलं दक्षिणेकडून उत्तरेकडे, पण प्रभाग आखताना सुरुवात उत्तरेकडून करायची, तिथून पूर्व-पश्चिम नागमोडी खाली येत शेवट दक्षिणेला करायचा, असा राज्य निवडणूक आयोगाचा दंडक आहे. नियम सोपा आहे. भानगड आहे ती आखणीसाठी घेतलेल्या आकड्यांची. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईकरांनी महापालिकेसाठी ज्या प्रभागांत मतदान केलं, ते २०११च्या जनगणनेवर बेतलेले होते. तेव्हा पहिलीत असलेलं पोर या वेळी बोटाला शाई लावून आलं. प्रभागाच्या हिशेबात मात्र ते अजून पहिलीतच आहे.

शिळ्या आकड्यांचा धोका या शहराला नवा नाही. १८६४ साली, कापसाच्या तेजीच्या ऐन भरात, मुंबईची शिरगणती झाली आणि आकडा निघाला ८,१६,५६२. ज्याच्यामुळे इथल्या कापसाला भाव आला होता ते अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तेजी बसली, पोटासाठी आलेले लोक परतले. १८७२च्या जनगणनेत मुंबई ६,४४,४०५वर आली होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी!

त्याच १८७२ साली कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका उभी राहिली, त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८चा कायदा आला. आजचा मुंबई महानगरपालिका अधिनियम तो हाच. त्यात सदस्य ७२ आणि वॉर्डांतून निवडून येणारे फक्त ३६. बाकीच्या जागा सरकार, जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद न्यायाधिकारी), विद्यापीठाचे फेलो आणि व्यापाऱ्यांचं चेंबर यांच्यात वाटलेल्या. मत कर भरणाऱ्यालाच असल्यामुळे वॉर्डात माणसं किती राहतात याने फारसं बिघडत नव्हतं. गिरणीतल्या कामगाराला मतच नव्हतं, मग तो कुठल्या रेषेच्या आत झोपतो याची फिकीर कोण करणार? प्रौढ मताधिकारावर पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली, आणि डोकी मोजून जागा वाटण्याला खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

मग शहराची हद्दच पसरली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत उपनगरं पालिकेत आली आणि सीमा दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. १९६८ला नगरसेवक १४० होते, १९८५ला १७०, १९९२ला २२१. २००१च्या जनगणनेनंतर २२७ झाले.

इथे एक घोळ सोडवून घेऊ. आपण ज्याला ‘ए वॉर्ड’, ‘जी नॉर्थ’ म्हणतो ते प्रशासकीय विभाग. पाणी आलं नाही की माणूस तिथे जातो. नगरसेवक निवडला जातो तो प्रभागातून, आणि एका विभागात असे अनेक प्रभाग असतात. बोलताना मात्र दोन्हींना वॉर्डच म्हणतात. ‘आमचा वॉर्ड फुटला’ असं कार्यकर्ता हळहळून सांगतो, तेव्हा फुटलेला असतो प्रभाग.

प्रभाग फुटतो कसा? आखणीचा सगळ्यांत लहान तुकडा म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, साधारण ६००-७०० माणसांचा. हे गट शक्यतो न तोडता एकमेकांना जोडत जायचं. मुंबईची २०११ची लोकसंख्या १,२४,४२,३७३. भागिले २२७, म्हणजे प्रभागाची सरासरी ५४,८१२. त्याच्या दहा टक्के वर किंवा खाली चालतं. सीमा मोठा रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशा ओळखू येणाऱ्या खुणांवरून जावी आणि एकाच वस्तीचे दोन भाग होऊ नयेत, अशी अपेक्षा असते. नंतर प्रारूप नकाशा विभाग कार्यालयाच्या भिंतीवर चिकटतो आणि त्यापुढे इच्छुकांची गर्दी होते. एक जण बोट ठेवून नाल्याची रेषा धरतो, दुसरा मोबाइलवर फोटो काढतो, तिसरा मागून विचारतो, ‘आपली चाळ कुठे गेली?’ चाळ पलीकडच्या प्रभागात गेलेली असली, तर पाच वर्षं केलेले हळदीकुंकू आणि वह्यावाटप पाण्यात.

२०१७च्या निवडणुकीआधीची फेररचना या सगळ्यात जास्त बोलकी होती. २००१ ते २०११ या दशकात मुंबई एकूण जेमतेम चार टक्क्यांनी वाढली. त्यात शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर घसरला आणि उपनगर जिल्हा ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेला. माहीम-सायनच्या खालची मुंबई अडीच लाख माणसांनी हलकी झाली. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि कचेऱ्या आल्या, पागडीच्या खोल्या विकून माणसं डोंबिवली-विरारला गेली. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे जनगणनेविना ठाऊक होतं. पण पालिकेत ते उतरलं रेषा बदलल्या तेव्हा: शहराचे सात प्रभाग गेले, पाच पश्चिम उपनगरांना मिळाले, दोन पूर्व उपनगरांना. नवी वाटणी झाली ५६, १०२ आणि ६९. एकूण आकडा २२७च राहिला, म्हणून बातमीत फारसं जाणवलं नाही. माझ्या मते मराठी मुंबईच्या राजकारणात त्या दशकात झालेला हा मोठा बदल होता, आणि तो कुणाच्या भाषणातून नाही तर भागाकारातून झाला.

आखणी कुणी करायची, हाही वादाचा विषय आहे. शहरांच्या स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणाऱ्या ७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली राज्य निवडणूक आयोग आला आणि हे काम त्याच्या देखरेखीखाली गेलं. पुढे काय झालं ते तारखांनिशीच पाहायला हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या. २०२१ची जनगणना झालीच नव्हती. आधार होता दहा वर्षांत लोकसंख्या वाढली असणार या अंदाजाचा. वाढीव नऊ जागा शहर, पूर्व आणि पश्चिम उपनगरं यांना तीन-तीन मिळाल्या, म्हणजे ज्या शहर भागाची लोकसंख्या शेवटच्या मोजणीत घटली होती त्यालाही तीन.

७ मार्च २०२२ला पालिकेची मुदत संपली. त्याच दिवशी विधिमंडळाने प्रभाग रचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेणारी विधेयकं मंजूर केली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने थांबलेली प्रक्रिया पुढे न्यायला सांगितलं, २३६ प्रभागांची अंतिम रचना झाली, ३१ मेला आरक्षणाची सोडतही निघाली. महिन्याभरात सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये शिंदे सरकारने २३६ पुन्हा २२७ केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे २२७वर शिक्कामोर्तब झालं. आकडा वर गेला, खाली आला, आणि या दरम्यान मुंबईत एकही डोकं नव्याने मोजलं गेलं नव्हतं.

बाकीच्या महापालिकांत तर नगरसेवक किती यापेक्षा एका प्रभागात किती, यावरच खेळ चालतो. २००२ला तीन, २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार. मुंबई त्यातून सुटली, इथे एक प्रभाग एक नगरसेवक.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं. नगरविकास विभागाने जूनमध्ये प्रभाग रचनेचा आदेश काढला, २२ ऑगस्टला प्रारूप जाहीर झालं, त्यावर ४९४ हरकती-सूचना आल्या. जनगणना तीच असल्यामुळे रचनाही बहुतांशी २०१७चीच राहिली, थोड्या फेरफारांसह. अनुसूचित जातींच्या १५ आणि जमातींच्या २ जागांचं गणितही २०११चंच.

यात एक मेख आहे. लोकसंख्या जुनी, पण मतदार यादी ताजी. २०११ला ज्या गटात बैठी चाळ होती तिथे आज चाळीस मजले उभे असले, तरी आखणीत त्या गटाची माणसं तेवढीच धरली जातात. शेजारी पुनर्विकासासाठी रिकामी केलेली वस्ती असली, तरी ती कागदावर भरलेली. त्यामुळे लोकसंख्येत जवळपास सारखे असलेले दोन प्रभाग मतदारांच्या संख्येत फार वेगळे निघू शकतात. मुंबईची यादी या वेळी एक कोटी तीन लाखांवर गेली. कुठल्या नगरसेवकाच्या वाट्याला किती मतदार आले, हे मतदान केंद्रावरच्या रांगांनी सांगितलं.

नवी जनगणना आता जाहीर झाली आहे. तिच्यासाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ला गोठवल्या गेल्या, मुंबईच्या मतदानाच्या पंधरा दिवस आधी. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठरलं, मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. प्रगणक गट नव्याने पडतील, परळच्या टॉवरला स्वतःचे गट मिळतील. या वेळी निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०३१च्या सुरुवातीला संपते. हे गट एकमेकांना जोडण्याची पहिली वेळ तेव्हाच येईल. सरासरी काढताना भागायचं २२७ने की आणखी कशाने, हे त्या वेळचं सरकार ठरवेल.