रोटेटर कफच्या स्नायूंतील मेद-ऱ्हास आणि त्याचे मोजमाप

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचा गट. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली की तिच्यामागचा स्नायू ताण गमावून आक्रसतो, रोडावतो आणि त्यात चरबी साठू लागते. हाच मेद-ऱ्हास. तुटलेली कंडरा हाडाला पुन्हा शिवता येते. स्नायूत शिरलेली चरबी सहसा हटत नाही. ती फार असेल तर शिवलेली कंडरा पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी तिचा अंदाज घेतात.

चरबीला जागा कशी मिळते, हे मेंढ्यांवरील प्रयोगांतून उलगडले. स्नायूतंतू कंडरेला तिरपे जोडलेले असतात. कंडरा आत सरकली की हा तिरपेपणा वाढतो, तंतूंमध्ये फटी पडतात आणि त्या चरबीने भरतात.

प्रतवारीचा पाया फ्रेंच शल्यविशारद गुतालिए आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवर घातला. शून्य म्हणजे चरबी नाही, १ म्हणजे चरबीच्या काही रेघा, २ म्हणजे स्नायूपेक्षा चरबी कमी, ३ म्हणजे दोन्ही समसमान, ४ म्हणजे चरबीच जास्त. १९९९ मध्ये फुक्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत एमआरआयवर पडताळली व पाच पायऱ्यांच्या तीन केल्या. हे खरे तर मोजणे नव्हे, नजरेचा अंदाज आहे. २ आणि ३ यांच्या सीमेवर दोन अनुभवी डॉक्टरांचेही मत जुळेलच असे नाही.

अंदाज घेतात तो बहुधा ‘वाय’ छेदावर, म्हणजे स्कॅनमधील एका ठराविक कापाच्या चित्रावर. अंसफलकाचा, म्हणजे खांद्याच्या फऱ्याचा, कणा त्याच्या पात्याला जिथे मिळतो तिथे हाड इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसते. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या प्रतिमेत चरबी पांढरी, स्नायू करडा. पण छेद हाडाच्या खुणेवर ठरतो आणि स्नायू तर सरकलेला असतो. त्याचा जाड भाग आत गेल्यामुळे छेदात निमुळते टोकच येते. शस्त्रक्रियेत तो बाहेर ओढला की नव्या चित्रात जाड भाग दिसतो, आणि काहीही भरून आलेले नसताना स्नायू सुधारल्यासारखा वाटतो.

स्पर्शरेषेच्या खुणेची गल्लत इथे करू नये. तीत काकचंचूसारखा हाडाचा उंचवटा आणि फऱ्याचा कणा यांच्या वरच्या कडा रेषेने जोडतात. निरोगी सुप्रास्पायनेटस, म्हणजे रोटेटर कफमधला वरचा स्नायू, रेषेवर डोके काढतो, रोडावलेला खालीच राहतो. ही खूण आकारमान सांगते, चरबी नव्हे. चरबीची टक्केवारी हवी असेल तर डिक्सन पद्धतीचा एमआरआय पाणी आणि चरबी यांचे संकेत वेगळे करून देतो.