कास्कारा (कॉफीच्या सालींचा चहा)

कॉफीच्या पिकलेल्या फळांतून बिया काढल्यावर उरलेली साल व तिला चिकटलेला गर वाळवून पाण्यात उतरवलेले पेय. याला चहा म्हणत असले तरी चहाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही; आणि त्यात कॉफीची चव शोधणाऱ्याची निराशाच होते. चव मनुका, चिंच, सुकी चेरी यांच्या वळणाची, आंबटगोड असते. येमेनमध्ये आले घालून केलेले ‘किश्र’ जुने आहे. बोलिव्हियात साली भाजून ‘सुलताना’ करतात. ‘कास्कारा साग्राडा’ हे रेचक मात्र उत्तर अमेरिकेतील वेगळ्याच झाडाच्या खोडाची साल असते. खरेदी करताना ही गल्लत होऊ देऊ नये.

पेयाचा दर्जा किटलीत नव्हे, वाळवणीत ठरतो. सालीत साखर व पाणी भरपूर असल्याने बिया काढल्यानंतर काही तासांतच ती आंबू लागते. म्हणून पूर्ण पिकलेली, न किडलेली फळे घेऊन साली त्याच दिवशी उंच जाळीवर पातळ पसरतात आणि सुरुवातीला वरचेवर हलवतात. थर जाड राहिला की खालची बाजू ओली राहून बुरशी धरते. काही बुरशींपासून ऑक्राटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते उकळीने जात नाही. त्यामुळे कुबट वासाचा माल ‘उकळून घेऊ’ म्हणत वापरणे धोक्याचे. नीट वाळलेली साल चामट-कडक असते, मुठीत दाबली तर गोळा होत नाही. व्हिनेगरसारखा वास आला तर ती आंबलेली समजावी. फवारणीची औषधे थेट सालीवरच पडतात, तेव्हा खतासाठी काढलेला कोंडा पिण्यासाठी घेऊ नये.

३०० मिलि पाण्याला १५ ते २० ग्रॅम साली लागतात. चहापत्तीच्या अंदाजाने चमचाभर टाकली तर नुसते पिवळसर पाणी मिळते. साली चाळून धूळ काढावी, उकळी येऊन जरा निवलेले पाणी (सुमारे ९५ अंश से.) ओतावे, झाकून ५ ते ८ मिनिटे ठेवावे व गाळावे. वेळ थोडा वाढला तरी चहापत्तीइतका तुरटपणा येत नाही. खळखळून उकळत ठेवल्यास मात्र लाकडासारखी चव उतरते. किश्र शिजवूनच करतात, पण त्यात आल्याचा तिखटपणा ती चव झाकतो. थंड पेयासाठी लिटरला ६० ग्रॅम साली घालून फ्रिजमध्ये १२ ते १६ तास ठेवतात. पेय फिके झाले तर वेळ वाढवण्याआधी साली वाढवाव्यात. दूध घातल्यास आंबटपणामुळे ते फाटू शकते.

कॅफीन यात असतेच. ते साधारणपणे गाळलेल्या कॉफीपेक्षा कमी भरते, तरी दाट पेय रात्री जपूनच घ्यावे. युरोपीय संघाने वाळवलेल्या सालींच्या या पेयाला २०२२ मध्ये ‘नवीन अन्न’ नियमांखाली परवानगी दिली. साली हवाबंद डब्यात, ओल व उजेडापासून दूर ठेवाव्यात.